दहा मिनिटांचं भाषण

वाचनालयाच्या महिला मंडळात ‘पुरोगामी महाराष्ट्र’ या विषयावर दहा मिनिटं बोलाल का, असं विचारलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं. शब्द लहानपणापासून कानावरचा. घरी येऊन वहीत लिहिलं, ‘पुरोगामी म्हणजे’, आणि अर्धा तास पुढचा शब्द सुचला नाही.

शब्दकोशात अर्थ मिळाला: पुढे जाणारा. तो मोठ्या जाऊबाईंना वाचून दाखवला. भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या, “पुढे कुठे गं? धरण बांधणारा म्हणतो पुढे चाललोय. ज्याचं गाव बुडतं, त्याने काय म्हणायचं?” मला उत्तर देता आलं नाही.

राजकारणात तरी नेमका अर्थ असेल, असं वाटलं. १९७८ साली शरद पवार अडतिसाव्या वर्षी मुख्यमंत्री झाले ते पुरोगामी लोकशाही दलाच्या, म्हणजे ‘पुलोद’च्या सरकारात. शब्द नावातच होता. घटक पक्ष शोधले तर शेतकरी कामगार पक्ष निघाला आणि जनता पक्षही, ज्यात जुने जनसंघवाले होते. ज्यांना मी दोन टोकं समजत होते ते एकाच मंत्रिमंडळात. वहीतलं पान खोडलं.

मग मागे गेले. १८९१चा संमतिवयाचा कायदा: मुलीचं वय दहावरून बारा. बारा! आगरकर बाजूने होते, टिळक विरोधात. परक्या सरकारने आमच्या चालीरीतींत हात घालू नये, असं त्यांचं म्हणणं. परक्या सत्तेशी झुंजणारा माणूस या प्रश्नावर मागे राहिला, हे मला फार लागलं. एकच माणूस एका वाटेवर पुढे आणि दुसरीवर मागे असू शकतो, हे पन्नाशीत कळलं.

अमेरिकेत तर १९१२ साली थिओडोर रूझवेल्ट यांनी ‘प्रोग्रेसिव्ह’ नावाचाच पक्ष काढला. बायकांना मत हवं, आजारपणात आणि म्हातारपणी विमा हवा, असं त्यांच्या जाहीरनाम्यात होतं. त्याच पक्षाच्या शिकागोच्या अधिवेशनात दक्षिणेतल्या काही राज्यांतून आलेल्या काळ्या प्रतिनिधींना बसू दिलं नाही.

माणसं आणि पक्ष सोडून मी कायदे वाचायला घेतले, कारण तिथे कुणाला काय मिळालं ते लिहिलेलं असतं. शाहू महाराजांनी १९०२ साली कोल्हापूर संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखल्या. हे स्पष्ट आहे. महाराष्ट्राने १९९४ साली वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. २२ जूनपूर्वी लग्न झालेल्या मुली मात्र वगळल्या. ती तारीख मी दोनदा वाचली. माझं लग्न १९९६चं. २००१ साली, वडील गेल्यावर, भावाने पुढे केलेल्या हक्कसोडपत्रावर मी सही केली होती. न वाचता. भावाने फसवलं नाही. बहिणी सही करतात, म्हणून मीही केली.

मंडळात मी व्याख्या दिली नाही. पक्षाच्या किंवा माणसाच्या नावापुढे लावलेल्या ‘पुरोगामी’चा नक्की अर्थ मला सापडला नाही, असं सांगितलं आणि त्या हक्कसोडपत्राची प्रत वाचून दाखवली. समोर बसलेल्यांपैकी सात जणींनी तशाच कागदावर सही केली होती. तुमच्यापुढे तो आला तर आधी वाचा, आणि देणं-सोडणं मग ठरवा.