बेळगाव आणि आयर्लंड

एप्रिल १९१६ च्या अखेरच्या आठवड्यात एकमेकांपासून फार दूर असलेल्या दोन शहरांत स्वराज्याची भाषा चालू होती. २४ तारखेला डब्लिनमधील बंडखोरांनी मुख्य टपाल कचेरी ताब्यात घेऊन आयरिश प्रजासत्ताकाचा जाहीरनामा वाचला. २८ तारखेला ती कचेरी तोफांच्या माऱ्याने पेटलेली असताना इकडे आमच्या बेळगावात, मुंबई प्रांतिक परिषदेच्या वेळी, लोकमान्यांचा होमरूल संघ स्थापन झाला. बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टा अध्यक्ष, न. चिं. केळकर चिटणीस. 'होमरूल' हे नावच आयर्लंडकडून उसने घेतलेले. केळकरांनी तर त्या देशाचा इतिहासही मराठीत लिहिला होता. दैवगती अशी, की ज्या सनदशीर होमरूलचे येथे बारसे होत होते, त्याची तिरडी त्याच दिवसांत डब्लिनमध्ये बांधली जात होती.

आमच्या वडीलधाऱ्या पिढीने आयर्लंडकडे राजकारणाचा धडा म्हणून पाहिले. आमची सारी नोकरी कर्नाटक शासनात, कानडीत टिपण्या लिहिण्यात गेली आणि घरी मराठीखेरीज दुसरे काही नव्हते. म्हणून असेल कदाचित, पण आम्हांला त्या देशाच्या इतिहासात अधिक ओढ लागली ती भाषेच्या प्रकरणाची.

डब्लिनच्या जाहीरनाम्यावरील सात सह्यांपैकी पिअर्स, मॅकडोना आणि प्लंकेट हे तिघे कवी. सातही जणांना मे महिन्यात गोळ्या घातल्या गेल्या. पिअर्स तर शाळामास्तर. आयरिश आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांतून शिकविणारी शाळा त्याने काढली होती. त्यापूर्वी १८९३ मध्ये डग्लस हाइड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी गेलिक लीग स्थापिली, ती केवळ भाषेसाठी. राजकारण तेथे वर्ज्य होते. पुढे ते शिरलेच, आणि १९१५ मध्ये हाइडने अध्यक्षपद सोडले. साहित्याच्या मांडवात राजकारण येऊ नये असे म्हणणारे सज्जन आमच्याकडेही आहेत. त्यांना आम्ही एवढेच विचारतो, की मे १९४६ मध्ये माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली बेळगावच्या संमेलनाने संयुक्त महाराष्ट्राचा ठराव केला नसता, तर तो विषय कोणत्या मांडवात निघाला असता?

सीमेच्या बाबतीतले साम्य तर अंगावर येते. आयर्लंडची फाळणी झाल्यावर न्यायमूर्ती फीदम यांचा सीमा आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल १९२५ मध्ये फुटला, उभय पक्षांनी तो दडपला आणि तो छापून बाहेर आला १९६९ मध्ये. सीमा जेथे होती तेथेच राहिली. आमचा महाजन आयोग १९६६ चा. निपाणी महाराष्ट्रास द्यावी, बेळगाव कर्नाटकातच ठेवावे, असे त्याने १९६७ मध्ये सांगितले. महाराष्ट्राने ते नाकारले आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. याविषयी अधिक लिहिण्याचे प्रयोजन नाही. या पत्रिकेच्या वाचकांची त्यात हयात गेली आहे.

परंतु साम्य येथे संपते, आणि आम्हांला सांगावयाचे आहे ते येथूनच पुढे. आयर्लंडला राज्य मिळाले. भाषा मात्र फारशी परत मिळाली नाही. १९३७ च्या राज्यघटनेने आयरिश ही पहिली राजभाषा ठरली, शाळांतून ती सक्तीची झाली. तरी २०२२ च्या जनगणनेत शाळेबाहेर रोज आयरिश बोलणारे निघाले सुमारे ७२ हजार. येट्स, सिंज, जॉइस जगाने वाचले, ते इंग्रजीत. भाषेचे खरे मरण त्याआधीच, एकोणिसाव्या शतकात, घराघरांत झाले होते. दुष्काळाने पश्चिमेकडील आयरिश बोलणारी गावे ओस पाडली हे खरेच. पण मुलाच्या गळ्यात काठी बांधून, आयरिश शब्द तोंडातून निघाला की तीवर खाच पाडावयाची आणि खाचा मोजून छड्या द्यावयाच्या, ही रीत शाळेत चाले ती आईबापांच्या संमतीने. पोराला अमेरिकेस जावयाचे होते ना!

उलट आमच्याकडे राज्य नव्हते, तरी भाषा होती. इंदिरा संतांची कविता बेळगावात लिहिली गेली. जी. ए. कुलकर्णी धारवाडच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवीत आणि कथा मराठीत लिहीत. अव्वल दर्जाचे मराठी सीमेपलीकडे निर्माण होत होते, आणि त्यासाठी कोणत्याही शासनाची परवानगी लागली नाही. आज एक नोव्हेंबरच्या काळ्या दिनाला दंडावर काळी फीत बांधणाऱ्या आमच्या परिचयातील कित्येकांची नातवंडे इंग्रजी शाळेत जातात. अशा एका शाळेत मराठी बोलल्यास दंड होतो, हे एका आजोबांनी आम्हांला कौतुकानेच सांगितले. काठीच्या जागी दंड आला, एवढाच फरक.

आयर्लंडमधील दुसरीही एक हकीकत आहे. बेलफास्ट हे फाळणीनंतर ब्रिटनकडेच राहिलेले शहर. तेथील काही कुटुंबांनी शॉज रोडवर शेजारी शेजारी घरे बांधली, घरात आयरिशच बोलावयाचे ठरविले आणि १९७१ मध्ये स्वतःची आयरिश शाळा उघडली. पटावर मुले नऊ. सरकारची मान्यता नाही, अनुदान नाही. शाळेचा खर्च पालकांनी आपापसांत वर्गणी काढून चालविला. अनुदान मिळावयास १९८४ उजाडले. तोवर पहिल्या वर्गातील मुले मिशा फुटून मोठी झाली होती.