आईचा दोर

आई गेल्यावर तिच्या साड्या मावश्यांनी आणि वहिनीनं वाटून घेतल्या. पुस्तकं वाचनालयात गेली. दिवाणाखालच्या पत्र्याच्या ट्रंकेला मात्र कुणी हात लावला नाही. तिच्यात काय आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं, त्याचं काय करायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तळ तडकलेले हंटर शूज. पितळी पंपाचा स्टोव्ह. चोरबाजारातून आणलेली, लष्करी बनावटीची कॅनव्हासची सॅक. तिच्या चामडी पट्ट्यांना आई पावसाळ्याआधी खोबरेल चोळायची. तारेत ओवलेले पोलादी कॅरॅबिनर, म्हणजे दोर अडकवायच्या कड्या. एक शंभर पानी वही. आणि सगळ्यांत वर, नीट वेटोळं घालून ठेवलेला, निळ्या-पांढऱ्या विणीचा, ११ मिलिमीटर जाडीचा दोर.

आई पोस्टात नोकरीला होती. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, लग्नाआधी, तिनं रजा टाकून उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत बेसिक कोर्स केला. आजोबांना तिनं ‘गंगोत्रीच्या बाजूला जाते’ एवढंच सांगितलं होतं. उत्तरकाशी त्याच वाटेवर असल्यामुळे ते पुरतं खोटंही नव्हतं. आजोबांनी येताना गंगाजल आणायला सांगितलं. तिनं ते आणलं, आणि सोबत तिथल्या तेखलाच्या कातळांवर शिकलेल्या गाठीही आणल्या. पुढे २३ मे १९८४ला बचेंद्री पाल एव्हरेस्टवर पोचल्या. त्याही त्याच संस्थेत शिकलेल्या. वर्तमानपत्रात आलेला त्यांचा फोटो आईनं ट्रंकेच्या झाकणाला आतून खळीनं चिकटवला. मी तेव्हा रांगत होते. त्या फोटोतल्या बाई आपल्या नात्यातल्या आहेत, असा माझा बरीच वर्षं समज होता.

डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत दोराची जागा ठरलेली होती. दाराआडची खुंटी, जिथे ऊन पोचत नाही. उन्हानं नायलॉन कमजोर होतो. पुढे घरात इन्व्हर्टर आला तेव्हा आईनं बॅटरी कुठे ठेवणार ते आधी विचारलं, कारण बॅटरीतल्या ॲसिडची नुसती वाफ दोराला लागली तरी तो आतून खलास होतो आणि वरून काही कळत नाही. दोर धुवायचा तो साध्या पाण्यात, वाळवायचा सावलीत. आणि दोरावर पाय द्यायचा नाही. पुस्तकाला पाय लागला की नमस्कार करायचा, हे वळण आम्हांला शाळेत जायच्या आधीपासून होतं. त्यामुळे दोरालाही आम्ही नमस्कार करायचो. आईला हसू यायचं. ती म्हणायची, ‘अगं, देव नाहीये तो. पायानं माती आत जाते. बारीक खडे विणीतून गाभ्यात शिरतात आणि ताण आला की आतले धागे कापतात.’ गिर्यारोहणाच्या दोराचा भार मुख्यतः आतला गाभा घेतो, वरची वीण त्याला जपते. माणूस पडला की हा दोर ताणला जातो आणि हिसका स्वतःत जिरवतो. प्रत्येक मोठ्या हिसक्यागणिक त्याचं हे ताणलं जाणं थोडं कमी होतं. हे सगळं मला पाढ्यांबरोबर पाठ झालं.

कातळावरून आलं की रविवारी रात्री टीव्हीसमोर बसून ती दोर तपासायची. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीतून इंच इंच सरकवायची, तांदूळ निवडावेत तशी. नजर मालिकेवर, लक्ष बोटांत. कुठे मऊ लागलं, फुगवटा आला, वीण खरबरीत झाली की हात थांबायचा. मग वही निघायची. पोस्टातल्या बाईचं ते अक्षर: तारीख, ठिकाण, माणसं किती, पाऊस होता का, कुणी पडलं का. ‘मुंब्रा. एक जण पडला, दोन फूट. वीण ठीक.’ ‘नानाचा अंगठा. धुकं. दोर ओला. घरी धुतला.’ नवा दोर आला की नवं पान, आणि त्यावर ठळक दोन ओळी: घेतला अमुक साली, तमुक सालानंतर वापरू नये. पुढे ती दोर तरुण पोरांना न्यायला देऊ लागली तेव्हा अट एकच होती, वहीत नोंद करायची. एका पोरानं लिहिलं, ‘खूप मजा आली.’ त्याखाली आईचं लाल शाईतलं उत्तर आहे: ‘मजा नको. हवामान लिहा.’

सेवेतून बाद झालेल्या दोरांवर आमचं बालपण गेलं. एक चाळीच्या गॅलरीत कपडे वाळत घालायला लागला. एकाचा झोपाळा झाला. एक आईनं खिरेश्वरला एका घरी दिला. कल्याणहून एसटीनं माळशेजमार्गे खुबी फाट्यावर उतरायचं, खिरेश्वरला मुक्काम आणि पहाटे टोलारखिंडीतून हरिश्चंद्रगड, हा तिचा आवडता रस्ता. त्या घरातल्या आजी तिला दर वेळी विचारायच्या, ‘बाय, वर काय ठेवलंय तुझं?’ आई म्हणायची, ‘काही नाही, बघून येते.’ डोक्यावर हंडा घेऊन अनवाणी चढण चढणाऱ्या त्या बाईला हे उत्तर कधीच पटलं नाही. पण दोर आवडला. पुढच्या खेपेला तो म्हशीच्या गळ्यात होता. आई खूश झाली. ‘म्हैस कड्यावरून लटकत नाही, तिला चालेल,’ म्हणाली.

मुंब्र्याच्या कातळावरून तिनं मला पहिल्यांदा खाली सोडलं तेव्हा मी चौथीत होते. उतरायचा दोर वेगळा आणि सेफ्टीचा वेगळा. सेफ्टी तिच्या हातात. कड्यावर पाठमोरी उभी राहिले आणि पाय हलेनात. खालून लोकल जात होती. वरून आईचा आवाज आला, ‘मागे बस. खुर्चीत बसतेस ना, तशी.’ मी रडायला लागले. तिनं समजूत घातली नाही, ओरडलीही नाही. सेफ्टीचा दोर किंचित आवळला, इतकाच की कमरेला कळावं. मग मी बसले. उतरताना दोर कधी सैल व्हायचा, कधी घट्ट, आणि त्यावरून ती वर काय करतेय ते मला कळत होतं. नंतर तिच्याशी माझं बरंच वाजलं. इंजिनिअरिंग सोडण्यावरून, लग्नावरून, बंगळुरूला जाण्यावरून. तेव्हाही तिची रीत तीच राहिली. फोनवर सल्ला नाही, उपदेश नाही. महिन्या-दोन महिन्यांनी एक पोस्टकार्ड. त्यात हवामान.

शेवटचा दोर तिनं २००४ साली घेतला. तेव्हा गुडघे बोलायला लागले होते. हा दोर तिनं स्वतः फार वापरलाच नाही. वहीतल्या नोंदी विरळ होत गेल्या आणि मग थांबल्या. पण त्याच्या पानावरच्या दोन ओळी जागच्या जागी होत्या: घेतला २००४. २०१४नंतर वापरू नये.

माझा भाचा हल्ली शहरातल्या कृत्रिम भिंतीवर चढायला जातो. ट्रंक उघडली तेव्हा तो म्हणाला, ‘मावशी, आजीचा रोप मी नेऊ? नवाच दिसतोय.’ दिसत होताच नवा. रंग शाबूत, वीण गुळगुळीत. मी चिमटीतून सगळा सरकवून पाहिला, बोट कुठे अडलं नाही. घरातल्या सगळ्यांना वाटत होतं, त्यानं न्यावा. आजीच्या दोरावर नातू चढतोय, यासारखं चांगलं काय!

पण दोर बनवणारेच सांगतात, की न वापरलेला दोरसुद्धा दहा वर्षांनंतर काढून टाकावा. आणि आईनं तर लिहूनच ठेवलं होतं. मी कात्री घेतली. कात्रीनं जमेना, तेव्हा सुरी तापवून हातभर लांबीचे तुकडे केले आणि टोकं मेणबत्तीवर वितळवून बंद केली. आतला गाभा पांढराशुभ्र निघाला. तुटका धागा एकही दिसला नाही. भाचा कळवळला, ‘चांगला होता की गं!’ असेलही. पण ते खात्रीनं कळायचा एकच मार्ग होता, त्याला माणूस लटकवून बघायचा.

त्या रात्री एक गोष्ट मला स्वच्छ कळली. लहानपणी मुंब्र्याला मी दोरावर भरवसा टाकला, असं मला वाटत आलं होतं. भरवसा खरा होता तो रविवारी रात्री टीव्हीसमोर बसलेल्या त्या दोन बोटांवर. बोटं गेली, आता तो दोर म्हणजे नुसता नायलॉन. आठवण त्याला बळ देऊ शकत नाही. आईची माया मोठी खरी, पण तिनं कधी एका माणसाचं वजन मायेवर सोडलं नाही.

तुकडे चाळीतल्या मुलांनी गाठी शिकायला नेले. सॅक भाच्यानं घेतली, तिला नव्या पट्ट्या बसवल्या. स्टोव्हचा वॉशर बदलला, तो पेटतो. वही माझ्याकडे आहे.

तुमच्याही घरी माळ्यावर असं सामान असेल. बाबांचं असेल, आईचं, काकांचं. ते खाली काढा. सॅक, स्टोव्ह, कंदील चालू करून जो डोंगरात जातो त्याला द्या, माळ्यावर ठेवून त्यांचं भलं होत नाही. लोखंडी सामान जाणकाराला दाखवा. दोर मात्र कितीही नवा दिसला, कितीही जिवाभावाच्या माणसाचा असला, तरी मुदत उलटली असेल तर कुणाला देऊ नका. कापा.