मांडुळाची कवटी

मंगरूळपीर तालुक्यातल्या आमच्या गावी माझ्या भाऊजींनी सोयाबीनचा पैसा मांडुळात घातला. दोन तोंडांचा साप, कोटीत किंमत, असे दलालाने सांगितले. पैसा गेला, दलालही गेला. तरी भाऊजी म्हणत, "दुसरे तोंड अमावस्येलाच उघडते." घरात बाबासाहेबांचा फोटो, अन् त्याखाली ही भाषा! मला राग आला.

माझी लेक आठवीत आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी तिने चित्र पाहून मांडुळाची कवटी शाडूची केली, खऱ्याहून बरीच मोठी. माती उकरायला पाचरीसारखे नाकाड, डोळे बारीक. खालच्या जबड्याची दोन हाडे पुढे सांधलेली नसतात, लवचिक तंतूंनी जोडलेली असतात. म्हणून डोक्याहून मोठा उंदीर गिळता येतो. तिथे तिने सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावला. (सायकल माझी, हे नंतर कळले.)

रविवारी विहारात वंदनेनंतर तिने ती सर्वांना दाखवली.

"अन् दुसरी कवटी?" भाऊजींनी विचारले.

"नसतेच, मामाजी. ते बोथट शेपूट आहे. भ्यायला की तो डोके वेटोळ्यात लपवतो अन् शेपूट वर करतो, म्हणजे घाव शेपटीवर बसावा. काही गारुडी त्यावर डागून खोटे तोंड करतात. विषही नाही त्याला."

1972 च्या वन्यजीव कायद्याने मांडूळ पकडणे, विकणे गुन्हा आहे, हे मी सांगितले. भाऊजी गप्प. शाडूचा जबडा बोटांनी ताणून पाहत राहिले.

मग हळूच म्हणाले, "आपल्या धुऱ्यावर एक आहे. उंदरं खातो म्हणतेस?"