सरपणातील पाण्याचा हिशेब

इंधन म्हणून लाकडाची प्रत ठरते ती झाडाच्या जातीवर कमी आणि तोडल्यापासून चुलीत जाईपर्यंत त्याची काय व्यवस्था ठेवली गेली यावर अधिक, असे इंधनपरीक्षणाच्या व्यवसायात आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्याचे ठाम मत झाले आहे. आणि ते ताडून पाहण्यास कलकत्त्यातील सियालदहइतके सोयीचे ठिकाण मला दुसरे आढळलेले नाही. 1862–63 मध्ये येथून मातला नदीकाठच्या कॅनिंगपर्यंत लोहमार्ग गेला आणि सुंदरबनाचे अरण्य शहराच्या जवळ आले. त्याखेरीज सुंदरी, गरान अशा खारफुटीच्या वृक्षांचे सरपण नावांत भरून पूर्वेकडच्या बेलियाघाट्याच्या कालव्यानेही येत असे. गरानाचे लाकूड जड, चिवट आणि जळणास अव्वल, अशी त्याची ख्याती आहे. ती खोटी नव्हे, परंतु अपुरी खचित आहे. कारण नुकत्याच तोडलेल्या लाकडाचे निम्मे वजन बहुधा पाण्याचे असते, आणि तराजूला पाणी व काष्ठ यांतला भेद कळत नाही.

हे पाणी मोजण्याच्या दोन रीती आहेत व त्यांच्यामुळे मक्तेदार आणि खरेदीदार यांच्यात वारंवार तंटे उपस्थित होतात. ढलपी 105 अंश सेल्सियस उष्णतेच्या भट्टीत वजन घटेनासे होईपर्यंत ठेवावी आणि घट मोजावी, इथवर सर्वांचे एकमत असते. पण वनखात्याचा मनुष्य ती घट कोरड्या लाकडाच्या वजनाशी ताडतो, तर बाष्पकावरचा अभियंता ओल्या वजनाशी. त्यामुळे एकच ओंडका एकाच्या दप्तरी 100 टक्के आणि दुसऱ्याच्या दप्तरी 50 टक्के ओला ठरतो. करारनाम्यात रीतीचा उल्लेख नसेल तर दोघेही प्रामाणिक असून भांडण अटळ.

आता उष्णतेचा हिशेब पाहू. पूर्ण वाळलेले एक किलो लाकूड सुमारे 4,500 किलोकॅलरी उष्णता देते, आणि एक किलो पाणी तापवून त्याची वाफ करण्यास सुमारे 600 किलोकॅलरी लागतात. म्हणजे निम्मे पाणी असलेल्या एक क्विंटल सरपणात 2,25,000 किलोकॅलरींचे काष्ठ असते आणि त्यातील 30,000 पाणी उडविण्यात खर्ची पडतात. हा तोटा ऐकणाऱ्यास माफक वाटतो, आणि येथेच पुष्कळांची फसगत होते. कोरड्या लाकडाच्या वजनापैकी पाऊण हिश्शाहून अधिक भाग तापताच वायुरूपाने बाहेर पडतो. तो वायू पेटावयाचा तर चुलीत पुरेशी धग हवी, आणि वाफ नेमकी तीच धग खाली आणते. परिणामी जे जळावयाचे ते डांबरमिश्रित धूर होऊन धुरांड्यात, भिंतीवर व चुलीपुढे बसलेल्या बाईच्या फुप्फुसात जाऊन साचते. पाणी उडविण्याचा खर्च डोळ्यांना दिसतो. न जळता निसटलेल्या वायूचा खर्च त्याहून भारी असून त्याची नोंद कोणी ठेवीत नाही.

म्हणून वाळवण ही इंधनाची पहिली प्रक्रिया, आणि वाळवणाआधीची पहिली प्रक्रिया फोडण्याची. लाकडातील पाणी तंतूंच्या दिशेने सहज वाहते, आडवे मात्र मोठ्या कष्टाने; साल तर त्याची वाट अडवूनच बसलेली असते. अखंड ओंडका महिनोन्‌महिने उन्हात ठेवून गाभ्यात ओलाच राहतो, तर त्याच्याच फोडी एका उन्हाळ्यात पुष्कळशा वाळतात. पेशींच्या पोकळीतले पाणी आधी व सुखाने जाते; पेशीभित्तीने धरून ठेवलेले पाणी, जे कोरड्या वजनाच्या सुमारे 30 टक्के असते, ते शेवटी व नाइलाजाने निघते. बंगालच्या पावसाळ्यात तर छपराखालचे वाळके लाकूडही हवेतला दमटपणा पुन्हा ओढून घेते. सुंदरबनाच्या सरपणास आणखी एक व्याधी असते, ती खारेपणाची. खाडीत पडून राहिलेले लाकूड कितीही वाळविले तरी त्यातले मीठ जात नाही. ते भट्टीतल्या लोखंडाला खाते व राख जाळीवर चिकटविते. असे लाकूड गोड्या पाण्याने धुऊन मग वाळविणे, हा दुहेरी खटाटोप मला सर्वथा योग्य वाटतो.

वाळवणाच्या पुढची पायरी भाजण्याची. हवा कोंडून 200 ते 300 अंशांवर लाकूड भाजले असता वजनाचा सुमारे तीन दशांश भाग जातो, पण उष्णतेचा केवळ एक दशांश. आणि चकलीच्या भाजणीसारखे ते खुसखुशीत होऊन सहज दळले जाते, शिवाय पुन्हा पाणीही फारसे धरीत नाही. उष्णता याहून वाढविली की कोळसा होतो. सियालदहहून राणाघाटाकडे जाताना इच्छापूर लागते. तेथे कंपनी सरकारने 1787 मध्ये बंदुकीच्या दारूचा कारखाना घातला, आणि त्या दारूसाठी कोळसा केला जाई तो तुरीच्या काड्यांचा, म्हणजे आपल्या वऱ्हाडात ज्या चुलीत जातात त्या तुराट्यांचा. वाजवीपेक्षा अधिक भाजलेला कोळसा पेटावयास जड जातो, त्यामुळे दारूचे गुण पुष्कळ अंशी कोळशाच्या आंचेवरच ठरत.

आपल्या रायगड जिल्ह्यात कोळशाच्या भट्ट्यांवर कातकरी कुटुंबे राबत आली आहेत. भट्टीत ओले लाकूड रचले तर त्यातील बराच भाग उरलेल्याचे पाणी उडविण्यातच जळून जातो आणि कोळसा कमी उतरतो. मजुरी जेथे पोत्यावर ठरते, तेथे मुकादमाने घाईने भरविलेल्या ओल्या लाकडाची ही तूट त्या कुटुंबाच्याच नावे पडते.