करजणची उजेडपेटी

बडोद्याहून दक्षिणेकडे निघालेली सावकाश गाडी विश्वामित्री, मकरपुरा, वरणामा, इटोला अशी एकेक स्थानके घेत तासाभराच्या आत मियागाम-करजणला येऊन थांबते. जलद गाड्यांतून मुंबईला जाणाऱ्या आम्हा बडोदेकरांच्या वाट्याला करजण येते ते बहुधा खिडकीतून. दोन्ही बाजूंना कानम प्रांताची काळीभोर जमीन, तीत कपाशीची शेते, मध्येच एखादे सरकी काढण्याचे कारखान्याचे छप्पर, आणि गाव मागे पडलेले असते.

तरीही आपल्या मराठी मंडळींना हा तालुका परका नाही. तो बडोदे संस्थानातला. नर्मदेकाठचे नारेश्वर याच तालुक्यात येते. रंग अवधूत महाराज 1925 साली तेथे येऊन राहिले, आणि पुढे त्या निर्जन किनाऱ्याचे तीर्थ झाले. महाराजांचे मूळ घराणे कोकणातले आणि जन्म गोध्र्याचा. त्यामुळे गुजराती आणि मराठी अशा दोन्ही घरांतून नारेश्वरची वारी होत आली आहे. दुसरी ओळख छोट्या गाडीची. खंडेराव महाराजांच्या कारकीर्दीत, 1862 साली, डभोई आणि मियागाम यांच्या दरम्यान अडीच फुटी रुळांचा मार्ग घातला गेला आणि त्यावर डबे ओढायला चक्क बैल जुंपले गेले. इंजिनाचा भार पेलतील असे रूळ तेथे 1873 साली आले. आमचे मामा रेल्वेच्या नोकरीत मियागामला होते. आमच्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या त्या छोट्या गाडीच्या शिट्टीवर उजाडत आणि मावळत.

यंदा आम्ही करजणला गेलो ते मात्र नारेश्वरसाठीही नव्हे आणि गाडीसाठीही नव्हे. आम्ही एक पाटी आणायला गेलो होतो.

1980 नंतरच्या दशकाच्या अखेरीस करजणच्या बाजारात एका गृहस्थांनी व्हिडिओ गेमचे दुकान काढले होते. दुकान कसले, एक अंधारी खोली आणि मुंबईहून जुनी घेतलेली दोन यंत्रे. माणसाच्या उंचीचे लाकडी कपाट, छातीशी पडदा, त्याखाली दांडी आणि बटणे. एक रुपयाचे नाणे टाकले की खेळ सुरू होई. आमचे धाकटे बंधू तेव्हा दहा-अकरा वर्षांचे होते. मामी भाजीसाठी पैसे देत, त्यांतला एक रुपया परत येत नसे. आणि तो कोठे जातो हे माहीत असूनही मामींनी आमच्या आईला कधी सांगितले नाही.

त्यांपैकी एका यंत्राच्या माथ्यावर पॅक-मॅनची पाटी होती. तोंड उघडून ठिपके खात सुटणाऱ्या त्या पिवळ्या गोळ्याची कल्पना जपानमधील तोरू इवातानी यांची. नामको कंपनीने हा खेळ 1980 साली बाजारात आणला आणि थोड्याच काळात तो जगभर गेला. अशा पाट्या पारदर्शक काचेवर किंवा ऍक्रिलिकवर मागच्या बाजूने छापीत आणि त्यांच्यामागे दीड फुटी नळीचा दिवा बसवीत. अंधाऱ्या खोलीत, मुलांच्या डोक्यांवरून, दारापर्यंत दिसे ती तेवढी एक उजळलेली पट्टी. बंधू आज अमेरिकेत आहेत, पन्नाशीकडे झुकले आहेत, आणि त्यांना या जुन्या पाट्या जमवण्याचा नाद आहे. हुबेहूब नव्या प्रती तिकडे विकत मिळतात. पण त्यांना हवी होती ती करजणचीच. “दादा, काका मागतील ती किंमत द्या,” असे त्यांनी फोनवर तीनतीनदा सांगितले होते.

काकांचे घर शोधायला वेळ लागला नाही. वय ऐंशीच्या आसपास, कान थोडे जड, पण आम्ही मामांचे नाव सांगताच त्यांनी “आवो, आवो” म्हणून हात धरून झोपाळ्यावर बसविले. यंत्रे केव्हाच भंगारात गेली होती. पाटी मात्र त्यांनी जुन्या धोतरात गुंडाळून माळ्यावर ठेवली होती. दोन फूट लांब, नऊ-दहा इंच उंच. एका कोपऱ्याला तडा, कडेचा रंग थोडा उडालेला. परंतु पिवळा रंग अजून हळदीसारखा होता. काकांनी ती मांडीवर घेतली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही. या दोन यंत्रांवर दोन मुलींची लग्ने झाली, असे ते सहज बोलून गेले.

आम्ही किमतीची गोष्ट काढली. ते हसले आणि म्हणाले, “साहेब, दिवो करी आपो. पाटी अहीं रहेशे.” दिवा करून द्या, पाटी येथेच राहील. आणि निघताना दारापर्यंत येऊन आणखी एक सांगितले: “आने नवो रंग ना करशो.”

या शेवटच्या वाक्याने आम्ही परतीच्या गाडीत अस्वस्थ झालो, त्याला कारण आहे. आमच्या आजोबांचे बडोद्यात लहानसे दुकान होते. त्याची काचेवर रंगविलेली मराठी पाटी आमच्याकडे आली तेव्हा आम्ही हौसेने तिच्यासाठी पेटी करविली, काचेला जवळजवळ टेकून नळीचा दिवा लावला आणि ओसरीवर तो वर्षानुवर्षे रात्रंदिवस जळू दिला. येणारा-जाणारा कौतुक करी. हळूहळू तांबडी अक्षरे गुलाबी झाली, मग पांढुरकी. उष्णतेने रंगाचे पापुद्रे सुटले. आम्ही रंगाऱ्याकडून ती अक्षरे पुन्हा भरून घेतली. आज ती पाटी लखलखीत आहे. पण आजोबांच्या वेळच्या रंगाऱ्याचा हात तीतून गेला तो गेलाच. हा दोष सर्वस्वी आमचा.

तेव्हा काकांची पेटी करताना आम्ही घाई केली नाही. आमच्या वाडीतल्या सुतार मिस्त्रींना बसवून सगळे समजावून घेतले आणि समजावून दिले. वाचकांपैकी कोणाच्या घरी देवादिकांची जुनी काचचित्रे किंवा दुकानाची पाटी असेल, म्हणून येथे थोडे विस्ताराने सांगतो.

पेटी सागवानी, साडेपाच इंच खोल, आतून पांढऱ्या रंगाची. पांढरा रंग उजेड सर्वत्र उडवितो, म्हणून थोड्या दिव्यांत भागते. नळीऐवजी एलईडीच्या तीन पट्ट्या घेतल्या. त्यांची उष्णता कमी, आणि रंग खाणारे अतिनील किरण तर जवळजवळ नाहीतच. पहिल्या खेपेस आम्ही पेटी दोनच इंच खोल केली होती, तेव्हा पाटीवर दिव्याचा दाणान् दाणा ठिपक्यासारखा उमटला. मिस्त्रींनी मग हिशेब बसविला: दोन पट्ट्यांमध्ये जेवढे अंतर, निदान तेवढे अंतर पट्ट्या आणि समोरचा पडदा यांमध्ये हवे. पट्ट्या अडीच-अडीच इंचांवर लावल्या, चार इंच पुढे दुधी ऍक्रिलिकचा पत्रा उभा केला आणि त्याच्या पुढे, अर्धा इंच सोडून, पाटी. उजेड दुधासारखा एकसारखा पसरला.

पाटीला डिंक, खिळा किंवा स्क्रू काही लावले नाही. रंग मागच्या अंगाला असतो, तेथे कशाचाही स्पर्श होता कामा नये. म्हणून खाचेत नमद्याची पट्टी घालून ती नुसती अलगद धरली. खाच मुद्दाम सैल ठेवली. कारण दोन फुटी ऍक्रिलिक हिवाळ्यातून आपल्याकडच्या वैशाखात येताना मिलिमीटरभर तरी वाढते आणि जागा नसली तर तडकते. कोपऱ्यातला जुना तडा बहुधा तसाच पडला असावा. वर-खाली वाऱ्यासाठी भोके, त्यांवर किडे येऊ नयेत म्हणून बारीक जाळी. विजेचा ॲडॅप्टर पेटीच्या बाहेर. मागची फळी उघडती, म्हणजे पुढे कोणाला पट्टी बदलायची झाली तर पाटीला हात लावावा लागू नये.

आणि सर्वांत महत्त्वाचे, अर्ध्या तासाने आपोआप बंद होणारे बटण. संग्रहालयांत नाजूक रंगांच्या वस्तूंवर 50 लक्सपेक्षा अधिक उजेड पडू देऊ नये असा संकेत आहे, आणि उजेडाने होणारी झीज साठत जाते. मंद दिवा पुष्कळ वेळ जळला तरी हिशेब तोच. ज्या उजेडाने पाटी दिसते, त्याच उजेडाने ती झिजते. हे आम्हांला आजोबांच्या पाटीने शिकविले, पण उशिरा.

महिन्याभराने पेटी चादरीत गुंडाळून पुन्हा त्याच गाडीने गेलो. इटोल्याला चढलेल्या एका बाईंनी “देव आहेत का आत?” म्हणून विचारले आणि आपली टोपली बाजूला घेऊन जागा करून दिली. आम्ही नाही म्हणालो, तरी टोपली त्यांनी पुन्हा जवळ ओढली नाही.

काकांनी पेटी आधी रिकामीच नीट पाहिली. खाचेत बोट फिरविले, मागची फळी उघडून मिटली. मग पाटी स्वतःच्या हातांनी आत सरकवली. तिन्हीसांजा झाल्या होत्या. सूनबाई देवापाशी दिवा लावून आल्या, तशी काकांनी बटण दाबले. पिवळा गोळा, निळी अक्षरे, कोपऱ्यातला तडा, सगळे भिंतीवर उजळले. शेजारची चार मुले दारात येऊन उभी राहिली. त्यांतल्या एकाने विचारले की हे चालत का नाही. काका म्हणाले, एक रुपयो लाव. आणि सगळे हसले.

अर्ध्या तासाने दिवा विझला. कोणी तो पुन्हा लावला नाही. मुले आपापल्या घरी गेली आणि आम्ही स्थानकाची वाट धरली.

बंधूंना आम्ही छायाचित्र पाठविले आणि पाटी मिळाली नाही, असे स्पष्ट लिहिले. दोन दिवस उत्तर नव्हते. तिसऱ्या दिवशी फोन आला. रागावले असतील असे आम्हांला वाटले होते. पण त्यांनी एवढेच विचारले, की दाराच्या डाव्या बाजूला उभे राहिले तर ती अजून दिसते का. आम्ही म्हटले, दिसते. पुढच्या हिवाळ्यात ते येणार आहेत. बडोद्याहून सावकाश गाडीनेच जायचे, असे ठरले आहे.