वारसा : शिरूर ते दौंड

पुणे–नगर रस्त्यावर घोड नदीच्या काठी शिरूर वसले आहे. जुनी मंडळी गावाला अद्याप ‘घोडनदी’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी येथे इंग्रजांची छावणी होती. पुढे मारवाडातून आलेल्या जैन कुटुंबांनी येथे पेढ्या थाटल्या. अशा घरांत मुलाचे खरे शिक्षण गादीवर होई. रोजकीर्द लिहिणे, गिऱ्हाइकाची पत ओळखणे आणि वडिलांच्या शब्दाची किंमत जाणणे हे तो तेथेच शिके.

याच शिरूरमध्ये १९३९ साली रसिकलाल धारीवाल यांचा जन्म झाला. वडील माणिकचंद यांच्याकडून त्यांना मिळाला तो लहानसा विडी कारखाना. वडिलांचे नाव त्यांनी देशभर पोहोचविले. शिरूरचे नगराध्यक्षपद भूषविले, शिक्षणसंस्थांना व रुग्णालयांना मोठ्या देणग्या दिल्या. या वैभवाचा पाया मात्र तंबाखूचा होता. २०१२ साली महाराष्ट्र शासनाने गुटख्यावर बंदी घातली. २०१७ साली रसिकलालजींचे निधन झाले. लहान कारखान्याच्या वारसाला व्यवसाय वाढविण्याची चिंता असते. मोठ्या संपत्तीच्या वारसापुढे तो कोणत्या दिशेने न्यावा, हा प्रश्न उभा राहतो.

शिरूरहून न्हावरे, चौफुला या मार्गाने भीमा ओलांडून दौंडला येता येते. घोड नदीही अखेर भीमेलाच मिळते. मनमाडहून नगरमार्गे येणारा लोहमार्ग १८७८ साली दौंडला पोहोचला आणि दौंड मोठे जंक्शन झाले. शिरूर त्या मार्गाबाहेर राहिले. तेथे आजही रेल्वे नाही.

दौंडहून गाडी सोलापूरकडे जाते. तेथील दिगंबर जैन घराण्यात १८८२ साली वालचंद हिराचंद जन्मले. घरी कापसाचा व्यापार आणि सावकारी होती; गादीवर बसून सुखाने आयुष्य गेले असते. त्यांनी लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत बार्शी लाईट रेल्वेच्या बांधकामाचा ठेका घेतला. त्या धाडसातून पुढे सिंदिया जहाज कंपनी, बंगळूरचा विमान कारखाना आणि याच पुणे जिल्ह्यातील, इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर उभे राहिले. वारशाने त्यांना भांडवल आणि पत दिली. व्यवसाय मात्र त्यांनी स्वतः निवडला.

श्रावकाचारात परिग्रहपरिमाण व्रताबरोबर पंधरा कर्मादानांचाही विचार आहे. किती मिळवावे याइतकाच कशातून मिळवावे हा प्रश्न तेथे महत्त्वाचा मानला आहे. आपल्या घरांत मुलाला शिल्लक दाखविली जाते, मृत्युपत्र वाचून दाखविले जाते. त्याबरोबर ती शिल्लक कशी जमली, हेही त्याला सांगितले पाहिजे. धंदा बदलायचा झाल्यास त्याला वडिलांची संमती आणि थोडे भांडवल मिळाले पाहिजे. शिरूरच्या बाजारपेठेतील अनेक मुले आज पुण्यात शिकतात. ती परत येतील की नाही, याची काळजी वडीलधाऱ्यांना वाटते. परतलेल्या मुलाने काही नवे मांडले, तर ते ऐकून घेण्याची आपली तयारी आहे का, हेही त्यांनी स्वतःला विचारावे.