एका अणूच्या जाडीचा सापळा

शिसपेन्सिलीने रेघ ओढली की ग्रॅफाइटचे असंख्य पापुद्रे कागदावर उतरतात. मँचेस्टर येथील आंद्रे गाईम व कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह या शास्त्रज्ञांनी 2004 मध्ये साध्या चिकटपट्टीने असाच एक पापुद्रा सोलून काढला. त्याची जाडी अवघी एका अणूची! हेच ग्राफीन. लांबी आणि रुंदी आहे, जाडी मात्र नसल्यासारखीच. म्हणून असे पदार्थ द्विमितीय म्हणविले जातात. एक ग्रॅम ग्राफीनच्या दोन्ही बाजूंचे क्षेत्रफळ सुमारे 2,600 चौरस मीटर भरते.

एवढे प्रशस्त अंगण मोकळे असल्यावर तेथे पाहुणा कोण बोलवावा? संशोधकांना आठवला कर्बद्विप्राणिल वायू, म्हणजेच कार्बन डायऑक्साइड. हवाई बेटांतील मौना लोआ येथे 1958 मध्ये त्याची मोजणी सुरू झाली, तेव्हा हवेच्या दहा लक्ष भागांत तो सुमारे 315 भाग होता. 2024 मध्ये तो 420 च्या वर गेला. पृथ्वीला चढणारा ताप मुख्यत्वे याचाच.

पण हा पाहुणा मोठा अलिप्त. कर्बाचा एक अणू व प्राणवायूचे दोन, असे तिघे एका सरळ रेषेत हात घट्ट धरून उभे असतात. सैल धरावे तर तो निसटतो. फार घट्ट धरावे तर सुटत नाही आणि सापळा एकदाच वापरून निकामी होतो. खरी मेख येथेच आहे.

प्रत्येक पदार्थ प्रयोगशाळेत घडवून पाहावा, तर आयुष्य पुरावयाचे नाही. वॉल्टर कोन व त्यांचे सहकारी यांनी 1964-65 मध्ये मार्ग दाखविला: प्रत्येक इलेक्ट्रॉनाच्या मागे न धावता त्यांची दाटी कोठे किती आहे, एवढ्यावरून गणित मांडावे. कोन यांना यासाठी 1998 चे नोबेल पारितोषिक मिळाले. आज हे गणित संगणक करतो.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडच्या संशोधकांनी 2013 मध्ये बोरॉन नायट्राइडच्या पापुद्र्याचे असेच गणित केले. पापुद्र्याला जादा इलेक्ट्रॉन दिले की वायूचा रेणू वाकून घट्ट चिकटतो. ते काढून घेतले की आपोआप सुटतो. जणू बटण दाबावे आणि दार उघडावे! शिवाय वाकलेला रेणू नव्या जोडणीस अधिक राजी असतो. त्याला हायड्रोजन जोडून मिथेनॉलसारखे इंधन करता येते.

गणित सुंदर खरे, परंतु बोरॉन नायट्राइड विजेचा वाहक नव्हे. त्याला इलेक्ट्रॉन द्यावे कसे? तेव्हा कर्ब व नत्र यांच्या, वीज वाहून नेणाऱ्या पापुद्र्यांचे गणित संशोधकांनी हाती घेतले.